न समजता म्हटलेलं ‘हो’

माहेरी तिला सगळे चिमणी म्हणत. डोळा उघडल्यापासून मिटेपर्यंत तिची चिवचिव चालायची. मावशी म्हणायची, "हिला न्यायला यम आला ना, तर ही त्यालाच गप्पांत बसवील, आणि बाहेर त्याचा रेडा उपाशी मरेल." पुढे नर्स झाल्यावर ती याच बोलण्याच्या जोरावर इंजेक्शनं द्यायची. सुई टोचून झाली, हे पेशंटला मागाहून कळायचं.

तीच चिमणी परदेशातल्या एका हॉस्पिटलात कामाला गेली आणि तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

जाण्याआधी तिने तिथल्या भाषेचा वर्ग केला होता, परीक्षाही दिली होती. पण वर्गातल्या बाई एकेक शब्द निवडून, स्वच्छ करून पुढ्यात ठेवायच्या. वॉर्डात तसं कोण बोलणार? शब्दाला शब्द चिकटलेला, अर्धा गिळलेला. त्यात कुणाच्या तोंडात दात नाहीत, कुणाच्या नाकात नळी. फोन वाजला की ती आधीच नीट असलेली चादर पुन्हा नीट करायला लागायची, म्हणजे दुसरं कुणीतरी उचलेल.

यातून तिने एक वाट काढली. समजलं नाही की हसायचं आणि ‘हो’ म्हणायचं. बहुतेक वेळा भागून जायचं. कुणी हवेबद्दल बोललेलं असायचं, कुणी नातवाचं कौतुक केलेलं असायचं. हात तिचे कामाला चोख होते. जखम बांधावी तर तिनेच, असं पेशंटही म्हणत.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरला मात्र ते दिसत होतं. उंच, आखूड केसांची, कमी बोलणारी बाई. एकदा तिने चिमणीला बाजूला घेतलं आणि सावकाश म्हणाली, "तू समजलं नाही म्हणालीस तर मला चालेल. तुझ्या ‘हो’ची मला भीती वाटते."

चिमणीला त्यातलं ‘हो’ समजलं आणि ‘भीती’ समजली. ती हसली आणि म्हणाली, "हो."

त्याच सुमारास खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी शिंपीण आली. जन्मभर दुसऱ्यांचे कोट शिवलेली, बोटांना घट्टे पडलेली. खुब्याचं हाड मोडलं म्हणून ऑपरेशन झालं होतं. रक्त गोठू नये म्हणून ते पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, आणि आधाराशिवाय पाऊल टाकायला बंदी होती. बाई मूळची कुठल्याशा खेड्यातली. तिची बोली इतकी आडवळणाची, की तिथले लोकही कधीकधी कान पुढे करत.

एका दुपारी चिमणी शेजारच्या खाटेची सलाइन बदलत होती. शिंपिणीने मागून लांबलचक काहीतरी विचारलं. शेवटी आवाज वर गेला, म्हणजे प्रश्न होता एवढं चिमणीला कळलं. हातात सुई होती. तिने मान वळवली, हसली, म्हणाली, "हो, हो."

थोड्या वेळाने बाथरूमच्या बाजूने धप्पकन आवाज आला.

म्हातारी फरशीवर आडवी होती. मनगट वाकडं झालं होतं आणि भुवईच्या वर फुटलेल्या जागेतून रक्त वाहत होतं, थांबायचं नाव घेत नव्हतं. चिमणीने बेल दाबली, गुडघ्यांवर बसून जखमेवर कापड दाबून धरलं. म्हातारीने डोळे उघडले आणि म्हणाली, "एकटी जाऊ का विचारलं, तर तूच हो म्हणालीस ना?"

तिच्या बोलीतलं चिमणीला समजलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

स्ट्रेचर आलं. म्हातारीला डोक्याचा स्कॅन काढायला खाली नेलं. आत रक्तस्राव झाला तर या गोळ्यांवर असलेलं माणूस हातचं जातं, हे चिमणीला कुणी कुठल्याही भाषेत सांगायची गरज नव्हती. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून तिने मुलीला घेऊन मायदेशी राहिलेल्या नवऱ्याला फोन लावला.

सगळं ऐकून तो हळू आवाजात म्हणाला, "अगं, कुणी ऐकलंय का?"

"नाही. पण अहो, ती म्हातारी..."

"ती पुन्हा काही बोलली तर बघू. तोवर मूग गिळून बस. परत पाठवतील. नाहीतर आत टाकतील. पोरीला मी काय सांगू?"

तोही घाबरला होता. नाहीतर तो असा माणूस नव्हता. तिने फोन ठेवला. बाहेर बोळातून कुणाच्या बुटांचा आवाज आला की आता आपल्यालाच न्यायला आले असं तिला वाटे. आवाज पुढे जाई, आणि ती श्वास सोडे. म्हातारी पुन्हा बोलू शकली नाही तर आपण सुटू, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. त्या विचाराची तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली. ती उठली.

मोठी सिस्टर आपल्या टेबलाशी उभी होती. चिमणीने वाटेत वाक्य जुळवलं होतं, पण तोंड उघडलं आणि होतं नव्हतं ते सगळं उडून गेलं. भूतकाळाची रूपं तिला एरवीही धड जमत नसत. जे हाताला लागलं ते ती बोलली.

"ती विचारते. मला समजत नाही. मी हो म्हणते."

मोठ्या सिस्टरने विचारलं, "आज म्हणालीस? की रोज म्हणतेस?"

चिमणीला एका दुपारचं सांगायचं होतं. पण खरं ते बाहेर पडून गेलं होतं, आणि आता मागे घेता येत नव्हतं.

"रोज," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

सिस्टरने तिला गप्प केलं नाही. खुर्ची पुढे सरकवली आणि खाली फोन लावला. स्कॅनचं समजायला संध्याकाळ झाली. डोक्यात काही नव्हतं. मनगट मोडलं होतं, भुवईला टाके पडले होते.

चौकशी झाली. बाहेरच्या साहेबांपुढे चिमणीला तेच पुन्हा सांगावं लागलं. या वेळी दुभाषी होता. तिला परत पाठवलं नाही. पण पेशंटजवळ एकटीने जायला बंदी झाली. चादरी घडी करणं, भांडी उकळणं, आणि दुपारी पुन्हा भाषेचा वर्ग. मोठ्या सिस्टरने आपल्याकडून एक शिक्षा जोडली. दिवसभरात जो भेटेल त्याला चिमणीने ‘मला समजलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणायचं, समजलं असलं तरी. सफाईवाला तर तिला बघितलं की वाट बदलायला लागला.

शिंपिणीने तिला खाटेजवळ फिरकू दिलं नाही. लांबून चिमणी दिसली तरी ती भिंतीकडे तोंड करायची. घरी जायच्या दिवशी मात्र तिला न्यायला कुणी वेळेवर आलं नाही. चाकांच्या खुर्चीत बसून ती काहीतरी बोलली, आणि जवळ फक्त चादरींचा गठ्ठा घेतलेली चिमणी होती.

"मला समजलं नाही. पुन्हा सांगा."

म्हातारी पुन्हा बोलली. चिमणीने पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हातारीने चिडून प्लास्टरमधला हात वर केला आणि कोटाकडे बोट दाखवलं. बटणं लावायची होती.

चिमणीने गठ्ठा खाली ठेवला. कोट म्हातारीनेच शिवलेला असावा, काजं बारीक आणि नेटकी होती. तिने खालपासून एकेक बटण लावलं. शेवटचं लागलं तेव्हा म्हातारी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली.

"मला समजलं नाही," चिमणी म्हणाली.

म्हातारीने ते पुन्हा सांगितलं नाही. तेवढ्यात तिचा भाचा आला आणि खुर्ची लिफ्टकडे घेऊन गेला. ते पुटपुटणं म्हणजे शाप होता की आशीर्वाद, हे चिमणीने नंतर मोठ्या सिस्टरलाही विचारून पाहिलं. पण म्हातारीच्या शब्दांचा उच्चार तिला नीट काढता येईना.