सुईने भोकं पाडलेला कागद

ड्रॉइंगच्या मास्तरांनी मला फसवलं. माझी शिष्यवृत्ती ज्या मुलीला मिळाली तिला मी चोर म्हणत नाही. ती सोळा वर्षांची होती आणि तिने सांगितलं तसं केलं. मास्तर तिशी ओलांडलेले होते आणि त्यांना सगळं कळत होतं.

कानडी मुलखात, चामराजपेटेत आमचं भरतकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. अण्णा, म्हणजे माझे वडील, मशीनवर बसत. आई हाताने भरायची. नक्षी मी काढायची. नक्षी काढली की तिचा खाका करायचा, ही आमची रीत. चित्राखाली पातळ कागद ठेवायचा आणि दोन्हींतून आरपार, रेषेरेषेवर, सुईने भोकं पाडायची. हा पातळ कागद म्हणजे खाका. तो कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवली की खाली निळे ठिपके उमटतात. टाके त्या ठिपक्यांवर घालायचे.

साठ साल जवळ आलं होतं आणि मी एसेसेल्सीला, म्हणजे मॅट्रिकला, होते. चित्रकलेत हात असलेल्या एका विद्यार्थ्याला आर्ट कॉलेजचा सगळा खर्च देऊ, असं आमच्या समाजाच्या मंडळाने जाहीर केलं. अट एकच: चित्र स्वतःचं हवं. मी फणसाचं झाड काढलं आणि त्यावरून डोकं खाली करून उतरणाऱ्या सात खारी. अण्णांनी पाहिलं आणि म्हणाले, "टेबलक्लॉथवर शोभेल." झालं, मी लगेच सुई घेतली. भोकं पाडल्याशिवाय चित्र पुरं झालं असं आमच्या घरात कुणालाच वाटत नसे. तिसऱ्या खारीच्या शेपटीशी सुई घसरली आणि एक भोक रेषेबाहेर पडलं. खाका दुकानात राहिला आणि ते भोकं पडलेलं मूळ चित्र मी मंडळात दिलं.

दरम्यान एक वकीलीणबाई दुकानात आल्या. त्यांचे यजमान मंडळाचे अध्यक्ष. त्या आईला म्हणाल्या, "अक्का, खारींचा खाका आठ दिवस द्या की. घरीच भरते म्हणते." आईने दिला. त्यांच्या मुलीला चित्रकला शिकवायला आमचे मास्तर घरी जात, हे मला नंतर कळलं.

निकालाच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये सगळी चित्रं भिंतीवर लावली होती. पहिल्या नंबरावर वकिलांच्या मुलीचं चित्र: फणसाचं झाड, सात खारी. कागद गुळगुळीत, रंग मास्तरांच्या पेटीतले. तिसऱ्या खारीच्या शेपटीला, माझी सुई घसरली होती तिथेच, गाठ होती. जवळ जाऊन पाहिलं तर पेन्सिलीच्या रेषेखाली निळे ठिपके. माझं चित्र कोपऱ्यात होतं आणि त्यावर शेरा होता: भोकांवरून हे तयार नमुन्याची नक्कल असल्याचे दिसते.

परीक्षक मास्तरच होते. त्यांच्या बायकोच्या पोलक्यांवरची नक्षी आमच्याच दुकानातून जाई. भोकं नकलेवर कधीच नसतात, मूळ चित्रावर असतात, हे त्यांना न कळण्यासारखं नव्हतं. मी त्यांना हॉलच्या पायरीवरच गाठलं.

"मास्तर, ही भोकं कसली ते तुम्हाला माहीत आहे."

"समितीला माहीत नाही ना."

"मग सांगा त्यांना."

"निकाल लागला, पोरी."

"दोघींना कोरा कागद द्या. तुमच्यासमोर काढतो आम्ही. एक तास."

"नाही."

"अर्धा तास. एकच खार."

ते हसले. "हा काय मार्केटातला भाव आहे, उतरवत जायला?"

"पंधरा मिनिटं."

"तुझं काय अडलंय? तुझ्या हातात धंदा आहे. तिच्या हातात काय आहे, सांग."

मी बरोबर आलेल्या अण्णांकडे पाहिलं. ते चपला शोधत होते. "सरी सरी, असू दे, चल," म्हणाले. "गिऱ्हाईक आहेत आपले."

मी कॉलेजात गेले नाही. धंदा मात्र केला. पुढे पेटेत, भर बाजारात, स्वतःचं दुकान घेतलं, आणि माझ्याशी घासाघीस करून कुणी जिंकून गेल्याचं मला आठवत नाही. त्या पंधरा मिनिटांचा सौदा तेवढा हरले, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

अलीकडे मंडळाचे लोक आले होते. शिष्यवृत्तीला देणगी हवी होती आणि तिला मास्तरांचं नाव द्यायचं होतं. मास्तर आता म्हातारे झालेत, पण कान-डोळे शाबूत आहेत. मी पेटीतून माझा कागद काढून मंडळाच्या लोकांपुढे ठेवला. एकाने विचारलं, "बाई, याला इतकी भोकं कशी पडली?"

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. ते पहिल्या नंबराचं चित्र अजून तुमच्या हॉलमध्ये काचेत आहे. शेजारी माझा कागद लावा. मास्तरांना खुर्ची द्या, चष्मा द्या, आणि सगळ्यांसमोर विचारा की मूळ कुठलं आणि नक्कल कुठली. देणगीचं मी त्यानंतर बघीन. आधी मास्तरांनी उत्तर द्यावं.