पानाची डावी बाजू

नागप्पय्य हेर्ळे मीठ वाढायचे. ऐकायला काम एवढंसं वाटतं, पण कर्नाटकच्या किनाऱ्यावर कुंदापूरपासून बारकूरपर्यंत लग्न असो, मुंज असो की देवळातली पंगत, पानावर पहिलं मीठ हेर्ळ्यांच्या हातचं पडायचं. केळीचं पान मांडलं की डाव्या टोकाला चिमूटभर मीठ, त्याला लागून लोणचं, मग कोसंबरी म्हणजे डाळीची कोशिंबीर, भाज्या, उजवीकडे खीर आणि भात सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडणाऱ्या नव्या वाढप्याची ते भर पंगतीत हजेरी घ्यायचे. "मीठ दिसल्याशिवाय भाताला हात लावायचा नाही, हे काय तुला तुळईवर लिहून देऊ?" असं म्हणायचे, आणि जेवायला बसलेलेही आपापलं पान तपासायला लागायचे.

मार्चमध्ये एका मुंजीहून परतताना त्यांच्या स्कूटरपुढे म्हैस आली. हेल्मेट होतं, पण आरशाला लटकवलेलं. मेंदूला उजव्या बाजूनं मार बसला, ऑपरेशन झालं, आणि दीड महिन्यानं हेर्ळे घरी आले ते डावा पाय ओढत आणि डावा हात पोटाशी धरून. पंगतीची कामं घेणारे मुख्य आचारी शंकरनारायण अडिग भेटायला आले, ते स्पष्टच बोलून गेले. "तुझी जागा कार्तिकातल्या दीपोत्सवापर्यंत रिकामी ठेवतो. पण नागप्पय्या, तुझ्या हातून एक पान जरी सुटलं तर यजमान मला पुन्हा दारात उभं करणार नाही. दीपोत्सवाला जेवायला ये. तुला बघतो, मग ठरवू."

तेव्हापासून हेर्ळ्यांना एकच ध्यास लागला. रोज सकाळी व्यायाम करून घ्यायला विनुता शेट्टीगार यायची. ती चप्पल काढते न काढते तोच ते विचारायचे, "कार्तिकाला किती दिवस राहिले?"

विनुता तालुक्यातली फिजिओथेरपिस्ट. घराणं विणकरांचं, आणि स्वभाव नसत्या चौकशा करण्याचा. धागा नेमका कुठून कुठे जातो हे बघायला लहानपणी तिनं आजोबांचा अर्धा माग सोडवून ठेवला होता. त्याबद्दल मार खाल्ला, पण धाग्याचं कळलं म्हणून खूश होती. हेर्ळ्यांच्या हातापायाचं काम तसं नीट चाललं होतं. खुर्चीवरून उठणं, भिंतीच्या आधारानं एका पायावर भार घेणं, ओलं फडकं पिळणं, सगळं ते निमूट करायचे. दोन महिन्यांत काठी घेऊन अंगणापर्यंत जायला लागले. तिला छळत होती ती वेगळीच गोष्ट.

हा माणूस दाराच्या डाव्या चौकटीवर रोज खांदा आपटायचा, आणि वर चौकटीवरच डाफरायचा. दाढी करायचा ती फक्त उजव्या गालाची. डोळे तपासून झाले होते, त्यांत काही खोट नव्हती. डॉक्टर म्हणाले होते की त्यांच्या मेंदूनं डावीकडची दखल घेणंच सोडलंय. विनुतानं हे पुस्तकात वाचलं होतं. पण जगाची एक बाजू गेली आणि गेल्याचं कळतही नाही, हे आतून कसं असेल, याचा विचार ती स्कूटर चालवतानाही करत असायची. हेर्ळ्यांना समजावून बघावं तर ते उखडायचे. "मला सगळं दिसतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला खुळा ठरवायचं ठरवलंय."

एक दिवस ती मुद्दाम जेवणाच्या वेळेला गेली. टेबलावर पान मांडलेलं होतं, आणि त्याच्या उजव्या अर्ध्या भागात भात, भाजी, लोणचं, खीर, मीठ अशी नुसती दाटीवाटी. डावा अर्धा कोराकरकरीत.

"हे काय अम्मा? अर्ध्या पानाला उपास?" तिनं हेर्ळ्यांच्या बायकोला, जलजाक्षम्मांना विचारलं.

"काय करू बाई. नेहमीसारखं वाढलं की म्हणतात मीठ नाही, लोणचं नाही, नवरा आडवा झाला तशी बायको माजली. रोज उठून भांडण कोण काढणार? सगळं उजवीकडे सारलं."

"मग आता तरी खूश का, भट्रे?" तिनं हेर्ळ्यांना विचारलं.

"मीठ खिरीच्या शेजारी," हेर्ळे कडवट तोंडानं म्हणाले. "पस्तीस वर्षं संसार केला हिनं माझ्याशी, आणि हे पान मांडलंय."

जलजाक्षम्मांनी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. विनुताला त्यांचं वाईटही वाटलं आणि रागही आला. प्रेमापोटी या बाईनं घरातली डावी बाजूच पुसून टाकली होती. जिकडे काही नाहीच, तिकडे माणूस मान कशाला वळवील?

रात्रभर हेच डोक्यात घोळवून ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि टेबलाशी बसली. "भट्रे, भूक लागलीय. आज तुम्ही वाढा. भांडं अम्मा धरतील."

हेर्ळ्यांच्या अंगात एकदम जीव आला. काठी टेबलाला टेकवून ते तिच्या समोर उभे राहिले, पानावर पाणी शिंपडलं आणि उजव्या हातानं मीठ वाढलं. पानाच्या डाव्या टोकाला. अगदी जिथे हवं तिथे. मग लोणचं, भाजी, खीर, भात.

विनुता त्या मिठाकडे बघतच राहिली. ज्या टोकासाठी चार महिने भांडणं चालली होती, त्याच टोकावर या माणसानं डोळ्याची पापणी न लववता मीठ ठेवलं होतं. मग तिच्या लक्षात आलं. वाढणारा समोर उभा असतो. जेवणाऱ्याची डावी ती त्याची उजवी.

"आता माझ्या जागी बसा," ती उठत म्हणाली. "पानाला कुणी हात लावायचा नाही."

हेर्ळे टेबलाला वळसा घालून आले आणि बसले.

"बघा, काय कमी आहे?"

त्यांनी पान न्याहाळलं. "भात आहे. खीर आहे. भाजी आहे." मग नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले, "मीठ नाही."

"कुणी वाढलं होतं?"

"मी," हेर्ळे म्हणाले, आणि थांबले.

त्यांनी आजवर बायकोला दोष दिला होता, डॉक्टरला दिला होता, चौकटीला दिला होता. पण चाळीस वर्षं न चुकलेल्या स्वतःच्या हाताला काय म्हणणार? "मी वाढलं," ते हळू आवाजात पुन्हा म्हणाले. "मग गेलं कुठे?"

चार महिन्यांत पहिल्यांदाच या माणसानं कार्तिकाखेरीज काहीतरी विचारलं होतं. "शोधा," विनुता म्हणाली. "वाढलंय एवढं तर तुम्हालाच ठाऊक आहे."

हेर्ळ्यांची मान डावीकडे थोडी वळली, अडकली, पुन्हा उजवीकडे आली. जलजाक्षम्मांचा हात न राहवून पुढे झाला, तो विनुतानं मनगटाशी धरून ठेवला. पुन्हा मान वळली. खांदा वळला. बोट पानावरून सरकत गेलं, भाजीच्या पुढे, लोणच्याच्या पुढे, आणि मिठाला टेकलं.

"म्हणजे इतके दिवस हे इथेच होतं," ते म्हणाले. "आणि मी हिला नाही नाही ते बोललो." आणि ते रडायला लागले. जलजाक्षम्माही रडल्या.

त्या दिवसापासून पान पुन्हा सरळ मांडलं जाऊ लागलं. विनुतानं हेर्ळ्यांचाच नियम त्यांना लावला, मीठ दिसल्याशिवाय भाताला हात नाही. पाण्याचा पितळी पेला मिठाच्याही पलीकडे, डावीकडे ठेवायचा आणि ओठांना कुणी लावायचा नाही. उजवा हात उष्टा, तेव्हा पेला उचलायचा तो डाव्यानंच. पहिले पंधरा दिवस पाणी पोटात कमी आणि मांडीवरच जास्त गेलं. लोणच्यानं तोंड भाजलेला नवरा पेला शोधतोय हे बघवेना, म्हणून जलजाक्षम्मा विहिरीवर जाऊन उभ्या राहायच्या. हेर्ळे विनुताला कैदाशीण म्हणायचे. ती म्हणायची, "म्हणा, पण डावीकडे बघून म्हणा."

दीपोत्सवाच्या दुपारी देवळाच्या अंगणात पंगत बसली. हेर्ळे पुरुषांच्या रांगेत, विनुता आणि जलजाक्षम्मा समोर बायकांच्या. दोन्ही गालांची दाढी झालेली होती. मीठ वाढायला एक नवा वाढपी होता, आणि अडिग हात मागे बांधून रांगांमधून फिरत होते. भात वाढून झाला. सगळ्यांनी हात घातला. हेर्ळ्यांनी नाही घातला.

"मीठ नाही," ते म्हणाले.

शेजारच्यानं अवघडून दुसरीकडे बघितलं. जलजाक्षम्मांनी मान खाली घातली. विनुता मनात म्हणाली, झालं. एवढं सगळं करून आजच्या दिवशी, अडिगांच्या देखत.

अडिग जवळ आले. "नागप्पय्या," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "डावीकडे बघ पाहू."

"बघितलं. पेल्यापर्यंत बघितलं. लोणचं आहे, लोणच्याच्या पलीकडे पान कोरं आहे."

अडिगांनी वाकून बघितलं. मग पुढच्या पानाकडे बघितलं, त्याच्या पुढच्याकडे. लागोपाठ पाच पानांवर मीठ नव्हतं, आणि बाकीचे चौघं धडधाकट डोक्याचे लोक भात कालवून जेवत होते.

अडिग स्वतः मिठाचं भांडं घेऊन आले आणि हेर्ळ्यांच्या पानावर डाव्या टोकाला मीठ वाढलं. "परवा बारकूरला लग्न आहे. सकाळी सातला ये."

"मिठाला?"

"मिठालाच. आणि त्या नव्याला काय बोलायचं ते तूच बोल."

"आधी जेवू दे," हेर्ळे म्हणाले, आणि त्यांनी डावा हात पेल्याकडे नेला.