मास्तरांच्या साप्ताहिकातील चुका आणि माझा अर्ज

फिर्यादी : हिंगोली येथील एका मराठी साप्ताहिकाचे संपादक, पूर्वीचे शाळामास्तर. यांनी फिर्याद कधी दिलीच नाही. ती त्यांच्या वतीने मी लिहीत आहे.

ज्याच्यावर फिर्याद : प्रस्तुत लेखक, धंदा अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीसमोर लिंबाखाली.

तारीख : निजामाचे राज्य गेले त्याच्या दीड-दोन वर्षे आधीचा पौष महिना, बाजाराचा दिवस.

साक्षीदार : एक, कचेरीतील पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारे कारकून, सध्या बदली होऊन गेलेले. दोन, जवळच्या खेड्यातील एक म्हातारा धनगर, हयात.

नावे मुद्दाम लिहिली नाहीत. एवढ्यावरून माणूस ओळखू येईल इतका आमचा गाव लहान आहे, आणि कोणाचे नाव कागदावर चढवण्याची मला आता धास्ती वाटते.

माझे शिक्षण उर्दू पाचवीपर्यंत झाले. पाचवीच्या परीक्षेआधीच वडिलांनी मला एका वृद्ध अर्जनविसाच्या हाताखाली बसवले, म्हणून ती परीक्षा राहून गेली. मराठी मी घरी, पोथ्यांवरून शिकलो. तरीही अर्ज लिहिण्यात कळमनुरीपासून सेनगावापर्यंत माझ्या बरोबरीचा हात नव्हता, हे त्या काळचे कोणीही सांगेल. तहसीलदार बदलत, पेशकार बदलत, लिंबाखालची माझी पेटी हलत नसे.

त्या वृद्ध उस्तादांनी मला धंद्याची एक रीत शिकवली होती. ते म्हणत, "बेटा, रयतेचं दुःख साहेब रोज वाचतो, त्याला झोप येते. शेवटी अंदेशा लिही, म्हणजे तो चष्मा लावील." म्हणून आमच्या प्रत्येक अर्जाची शेवटची ओळ ठरलेली असे : सबब रयतेत गैरसमज पसरून अमनात खलल पडण्याचा अंदेशा आहे. अमन म्हणजे शांतता, खलल म्हणजे बिघाड, अंदेशा म्हणजे भीती. शेळ्यांनी कोणाचे पीक खाल्ले तरी अमनात खलल, शेजाऱ्याचे सांडपाणी अंगणात आले तरी अमनात खलल. मी ती ओळ हजारदा लिहिली असेल. लेखणी दौतीत बुडवताना जितका विचार होतो तितकाच ती लिहिताना होई. कचेरीतही ती कोणी वाचत नसे; मात्र ती नसली तर अर्ज उघडाबोडका दिसे.

मास्तरांचे साप्ताहिक म्हणजे एकच मोठा कागद, मधोमध दुमडलेला. मास्तरांनी शाळा सोडली आणि वऱ्हाडातून एक जुने, पायाने चालवायचे छापयंत्र बैलगाडीने आणले. सरकारी परवाना मिळवायला त्यांना दोन वर्षे लागली. बातम्या लिहिणे, खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरे जुळवणे, छापणे आणि घड्या घालणे हे सर्व ते आणि त्यांची मंडळी दोघेच करीत. बाजारभाव, हरवलेली जनावरे, लग्नकार्य, कोणाचे निधन, एखादी सभा, असा मजकूर असे. आमच्या तालुक्यात मराठीत छापलेला दुसरा कागद नव्हता.

आणि चुका! ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नाही, क्रियापद एकीकडे आणि कर्ता दुसरीकडे. पहिल्या रकान्यात 'हळद' असे, तर तिसऱ्यात तिचीच 'हलद' होई. कळमनुरीची 'कलमनुरी', डाळीची 'डाल'. मला हे सहन होत नसे. मी लाल शाईची एक दौत खास या कामासाठी ठेवली. अंक आला की आधी तो तपासावा, चुकीच्या शब्दाभोवती गोल काढावा, बाजूला शुद्ध रूप लिहावे आणि तो कागद लिंबाच्या फांदीला सुतळीने टांगावा, असा माझा नेम झाला. कचेरीत आलेले लोक भोवती जमत. वाचता येणारे थोडे. बाकीच्यांना मी वाचून दाखवी, बातमीही आणि चूकही.

वर सांगितलेला धनगर दर बाजारी येई. त्याला मेंढरांचे भाव आणि हरवलेल्या जनावरांचा रकाना ऐकायचा असे. काठीवर हनुवटी टेकून तो माझ्या लाल खुणांकडे बघे.

"लई रगत सांडलं जी आज, मुन्शीजी," तो म्हणे. "किती मुडदे पाडले?"

"बावीस," मी सांगे.

"मंग आता मेंढराचा भाव सांगा, जित्ता असंल तर."

लोक हसत. मास्तरांच्या चुकांना हसत आहेत, असे मी धरून चाले.

एकदा मास्तर स्वतः आले. धोतराला शाईचे डाग, बोटे काळी. टांगलेला अंक त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, सुतळी सोडली आणि तो घडी करून खिशात ठेवला. "आभारी आहे, मुन्शीजी. इतक्या बारकाईनं माझी मंडळीसुद्धा वाचत नाही," एवढेच म्हणाले. पुढे फार दिवसांनी एक व्याकरणाचे पुस्तक माझ्या हाती आले, तेव्हा समजले की माझ्या लाल शाईतल्या दुरुस्त्यांपैकी बऱ्याच दुरुस्त्याच चूक होत्या. ते मास्तरांना त्या दिवशी दिसले असणार. ते बोलले नाहीत.

त्या वर्षी मार्गशीर्षात माझे वडील गेले. तेराव्याच्या आधी मी निधनाची बातमी स्वतः लिहून, सुवाच्य अक्षरात, मास्तरांकडे दिली. आमच्या आडनावात ळ आहे. अंक आला तेव्हा तिथे ल होता. बापाचे नाव आयुष्यात एकदाच छापले जाणार होते, तेही कोणा भलत्याच घराण्याचे होऊन आले. मी तसाच, क्षौर केलेल्या डोक्याने, छापखान्यात गेलो.

"मास्तर, हे काय केलंत?"

मास्तर उभे राहिले. "चूक झाली, मुन्शीजी. पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो. पहिल्या पानावर छापतो."

दुरुस्ती पहिल्या पानावर आली, चौकटीत आली, आणि तिच्यातही ल होता.

मला ती थट्टा वाटली. माझ्या लाल शाईचा सूड वाटला. त्याच बाजारी मी पेटीवर कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या नावाने उर्दूत अर्ज लिहिला. मजकूर असा की, सदर साप्ताहिक चुकीची भाषा छापते, मुले ती वाचून बिघडतात, शिवाय मृताच्या नावाची विटंबना झाली. तरी संपादकास सक्त ताकीद मिळावी. ताकीद, याहून जास्त काही मला नको होते. तहसीलदारांनी मास्तरांना बोलावून चार लोकांत दोन शब्द सुनवावेत आणि ते मी लिंबाखालून पाहावेत, इतकीच माझी इच्छा. आणि मग हात आपोआप पुढे गेला व त्याने शेवटची ओळ लिहिली.

पेशकारांनी अर्ज वाचला. उभ्या जन्मात त्यांनी माझा अर्ज पुरता वाचला नव्हता. त्या दिवशी वाचला.

"मुन्शी," ते हळूच म्हणाले, "अखबार का मामला है. ये आखिर की सतर रहने दूँ?"

ही शेवटची ओळ राहू द्यायची का, असे त्यांनी मला विचारले. दिवस कसे आहेत हे त्यांना ठाऊक होते. मराठी कागदाकडे सरकार वाकड्या नजरेने पाहू लागले होते; सभेला परवानगी मिळत नव्हती, गावोगावी संशय होता. ठाऊक मलाही होते. पण माझ्या मसुद्यातील एक ओळ कोणी काढायला सांगावी, हे मला खपले नाही.

"साहेब," मी म्हणालो, "माझ्या अर्जात ती नेहमीच असते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

शेळ्यांच्या अर्जात जी ओळ कोणी वाचली नव्हती, ती या अर्जात वरच्या कचेरीपर्यंत वाचली गेली. आठव्या दिवशी पोलिसांचे अमीन दोन जवान घेऊन छापखान्यात गेले. वर्तमानपत्रामुळे अमनात खलल पडण्याचा अंदेशा असल्याची खुद्द रयतेची तक्रार आहे, असे त्यांच्या हुकुमात लिहिले होते. यंत्राला मोहोर लागली. खिळ्यांचे खण त्यांनी रस्त्यावर पालथे केले, त्यात काही लपवले आहे का ते पाहायला. मास्तरांना दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवले. परवाना रद्द झाला.

तिसऱ्या दिवशी मास्तर माझ्या पेटीसमोर येऊन बसले. दाढी वाढलेली.

"मुन्शीजी, परवाना परत मिळावा म्हणून अर्ज करायचा आहे. मला उर्दू येत नाही. तुमच्याइतका चांगला हात दुसऱ्या कोणाचा नाही."

अर्ज कोणी केला होता हे त्यांना ठाऊक नव्हते. हे मी तेव्हाच सांगायला हवे होते. मी कलमाला टोक करू लागलो. जन्मात लिहिला नाही इतका सुंदर अर्ज मी लिहिला, मेहनताना घेतला नाही, आणि शेवटची ओळ गाळली. मास्तर दोन्ही हात जोडून म्हणाले, "उपकार झाले." ते हात मला अजून दिसतात.

अर्ज नामंजूर झाला. हुकूम ऐकायला मास्तर आत गेले होते. पेशकारांनी मिसल, म्हणजे प्रकरणाच्या कागदांची चळत, उघडून टेबलावर ठेवली होती. मास्तर बाहेर आले ते सरळ लिंबाखाली येऊन बसले. आवाज चढला नाही.

"मुन्शीजी, मिसलीत दोन अर्ज आहेत. एक माझा, एक माझ्यावरचा. दोन्ही एकाच हाताचे आहेत."

मी म्हणालो, "तुम्हाला उर्दू कुठं येतं?"

"वाचता येत नाही. पण अक्षराचा चेहरा ओळखणं हा माझा रोजचा धंदा आहे."

मी पेटीतले कागद सारखे करू लागलो. मग त्यांनीच विचारले, "वडिलांच्या नावासाठी ना?"

मी मान हलवली.

"माझ्या खणात ळ अकराच होते," ते म्हणाले. "जुन्या यंत्राबरोबर आले तेवढेच. हळदीचे भाव पहिल्या पानावर आधी जुळवावे लागत, त्यात ते संपत. नवीन मागवायला सवड झाली नाही. दुरुस्ती छापली तेव्हा खण रिकामाच होता. येऊन सांगायला पाहिजे होतं तुम्हाला. तुम्ही रागावला होता, म्हटलं थोडं थांबावं."

ते उठले. त्या आठवड्यात ते मंडळींना घेऊन वाशीमकडे गेले, असे कानावर आले. यंत्र मोहोरेसकट तिथेच गंजले.

पुढच्या बाजारी धनगर नेहमीप्रमाणे आला आणि रिकाम्या फांदीकडे बघत उभा राहिला.

"पेपर काहून न्हाई आला जी?"

"बंद झाला."

"कुनी केला?"

मी दौतीचे झाकण लावले. त्याला ते पुरले असावे.

"आमाला काय ठावं त्यातली चूक," तो म्हणाला. "माझी लंगडी मेंढी पेपरामुळं गावली व्हती, मुन्शीजी. तिचं नाव बी चुकीचंच छापलं असंल."

तो पुन्हा लिंबाखाली बसला नाही. भाव आता तो बाजारातच, ज्याला त्याला विचारत फिरतो.

आता ते राज्य राहिले नाही. कचेरीत मराठी अर्ज घेऊ लागले आहेत आणि मी या वयात मराठी मसुदा बसवतो आहे. कित्येकदा एखाद्या शब्दावर लेखणी अडते, विचारावे असा माणूस आठवतो, आणि तो गावात नसतो. लाल शाई दौतीत वाळून गेली. ती मी धुतली नाही.

तरी वर नमूद केलेल्या फिर्यादीच्या कामी अर्जदाराची नम्र विनंती अशी की, हा कागद वाशीमकडे किंवा मास्तर असतील तेथे पोचल्यास त्यांनी तो वाचावा व त्यांना योग्य वाटेल तो शब्द मला द्यावा, क्षमेचा किंवा नकाराचा. ते परत येऊन साप्ताहिक काढणार असतील, तर परवान्याचा अर्ज मी लिहीन आणि कचेरीत द्यायला त्यांच्यासोबत उभा राहीन. मागचा अर्ज कोणी केला होता हेही त्याच अर्जात, माझ्या सहीने, लिहीन. येणार नसतील तर तसे कळवावे, म्हणजे धनगराला सांगता येईल. उत्तर तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली, या पत्त्यावर द्यावे. मी रोज तिथेच असतो.