पडताळणीची भीती

निवृत्तीनंतर बऱ्याच तपासांतली नावं-गावं पुसट झाली. जळकोट भागातली ती एक केस मात्र आठवली, की आजही हातातला घास तसाच राहतो.

तेव्हा मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. त्या पावसाळ्यात सोयाबीनवर शंखी गोगलगायींनी उच्छाद मांडला होता. अशात लातूरच्या दवाखान्यातून विषबाधेच्या संशयाची खबर आली. रुग्ण पोलीस भरतीची तयारी करणारा तरणाबांड पोरगा. डोकं फुटेल इतकं दुखत होतं, उलट्या थांबत नव्हत्या, मान वळत नव्हती. पाठोपाठ त्याची आई ठाण्यात आली.

"साहेब, चुलत्यानंच इख घातलं माझ्या लेकराला. बांधावरून आमचं लई दिवसांचं वैर हाय. तरी पोरगं त्याच्याच आखाड्यावर जाऊन बसायचं."

शेतातल्या त्या आखाड्यावर, म्हणजे राखणीच्या खोपीवर, तणनाशकाचा डबा सापडला. तो कुणाच्या आखाड्यावर सापडत नाही? तरीही पंचनामा केला, डबा जप्त करून तपासणीला धाडला आणि चुलत्याला चौकशीला बोलावलं. एक हवालदार पोराचा जबाब घ्यायला लातूरला गेला. पोरगा शुद्धीवर होता. "बाहेरचं काहीच खाल्लं नाही," एवढंच तो म्हणाला. डॉक्टरांनाही त्यानं हवालदारासमोर तेच सांगितलं.

खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. चुलता तर तोंडच उघडत नव्हता. किती दरडावलं, समजावलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. चहाचा कप खाली ठेवताना त्यानं फक्त एकदा विचारलं, "साहेब, केस झाली तर पोराच्या भरतीला अडचण येती का?"

मी चमकलो. "संशय तुमच्यावर आहे. त्याला कसली अडचण?"

त्यानं दारातल्या शिपायाकडं पाहिलं. मी शिपायाला बाहेर पाठवून दार लोटून घेतलं. "पोरगा हातचा चाललाय. त्यानं काय खाल्लं ते डॉक्टरांना कळल्याशिवाय ते काय करणार?"

तेव्हा तो ढसाढसा रडला. "घोरपड धरली होती साहेब म्या. दम वाढावा म्हणून त्यानं कच्चं काळीज खाल्लं, रगत बी पिलं. फारेस्टची केस लागली तर चारित्र्याच्या पडताळणीत बाद हुईल, म्हणून दोघांनी शपथ घेतली. माझ्यावर इखाची केस करा, पण त्याचं नाव घेऊ नका."

जबाब लिहून घेण्याआधी मी डॉक्टरांना फोन लावला. पाठीतलं पाणी तपासून त्यांनी उलगडा केला. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक जंत त्याच्या लेंडीतून गोगलगायीत जातो, गोगलगाय खाणाऱ्या घोरपडीत जातो आणि ते मांस कच्चं खाल्लं तर थेट माणसाच्या मेंदूत. "पूर्वी हा आजार पूर्वेकडच्या देशांतच ऐकू यायचा," डॉक्टर म्हणाले. "आता मालाबरोबर उंदीर आणि गोगलगायी जगभर फिरतात, त्यांच्यामागं हाही फिरतोय. पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर सूज लवकर आवरायला घेतली असती."

पोरगा वाचला, पण त्याची नजर गेली. विषाचा संशय मिटला, पण घोरपडीचं प्रकरण वनविभागाकडं गेलं. तिथं चुलत्यानं "धरली मी, खाल्ली मी" म्हणून सगळा गुन्हा अंगावर घेतला.

दवाखान्यात खाकी दिसली की माणसाला आधी केस आठवते, जीव मागाहून. हे मला त्या पोरानं शिकवलं. पुढं अशा रुग्णापाशी मी आधी डॉक्टरांना एकट्यांना बसू द्यायचो आणि जबाब नंतर घ्यायचो. त्याला स्वतःला मात्र या शहाणपणाचा काडीचाही उपयोग झाला नाही, ही हळहळ जात नाही.

त्याला भेटायला गेलो, तर "साहेब आलेत" ऐकताच तो खाटेवर ताठ बसायची धडपड करू लागला.

"साहेब, माझ्यावर केस न्हाई ना झाली?"

"नाही."

तो हसला. "मंग मैदानी चाचणी देता येईल. नजर बी येईल म्हणती आई."

डॉक्टरांनी मला बाहेर वेगळं सांगितलं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बरा झालास की सराव सुरू कर."