पारव्यांची घरटी आणि ह्यांची फुप्फुसं

"घरात पक्षी आहेत का?" मद्रासच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि हे हसले. हसता हसता खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "आम्ही नाही पाळलेले. पारवे आहेत, त्यांनीच आम्हांला पाळलं आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक्स-रेची फिल्म पुन्हा उजेडाच्या पेटीवर लावली आणि विचारलं, घरटी किती, किती दिवसांपासून, आणि त्यांच्याजवळ कोण जातं. हे सर्व्हे खात्यात नकाशे काढत निवृत्त झालेले. त्यांनी चोख उत्तर दिलं. घरटी चौदा, नऊ महिने, आणि रोज सकाळी मीच जातो. मी शेजारी बसून तेच महिने बोटांवर मोजत होते, कारण ती घरटी इतके दिवस कोणी राहू दिली हे त्या खोलीत फक्त आम्हां दोघांना ठाऊक होतं.

बाईंनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. पारव्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसं यांची बारीक धूळ श्वासातून आत जाते. काही माणसांचं शरीर तिला शत्रू समजून लढायला उठतं आणि त्या लढाईत फुप्फुसंच होरपळतात. क्षय नाही, दम्यासारखा वाटला तरी दमा नाही. क्षय नाही एवढंच ऐकून मी देवाला हात जोडले. त्या क्षणी माझ्याइतकी अडाणी बाई त्या इमारतीत दुसरी नसेल.

हे सगळं मी लिहिते आहे ते ज्यांच्या घराच्या वळचणीला आज पारवे घुमत आहेत त्यांच्यासाठी. मी घरी मुलांना हिंदी शिकवते, म्हणून मला ही नागरी अक्षरं तरी येतात. आमच्या आळीतल्या निम्म्या मराठी घरांत ती वाचणारं कोणी उरलेलं नाही. लिहिताना मी पुस्तकातली मराठी लिहिते. घरात आम्ही बोलतो ती तंजावरची, आणि पुण्याची माणसं ती ऐकून हसतात. हसोत.

आमचं घर राजवाड्यामागच्या आळीत. कौलारू, मधोमध उघडं अंगण, त्याला आम्ही तमिळमध्ये म्हणतात तसं मुट्रम म्हणतो. चारी बाजूंनी लाकडी वासे. शेजारचं जुनं धान्याचं कोठार विकलं गेलं आणि तिथे लॉज उभं राहू लागलं. त्या वर्षी गावात जिकडे तिकडे हेच चाललं होतं, पडवी फोडून एसटीडी बूथ, गच्चीवर केबलची तबकडी. कोठार पाडलं त्या आठवड्यात तिथले सगळे पारवे आमच्या वाशांवर येऊन बसले. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना एक छप्पर सोडून दुसरं छप्पर हवं होतं.

तेव्हाच काढले असते तर दोन दिवसांचं काम होतं. पण त्याच आठवड्यात बंगळूरहून सुकन्याचा, आमच्या एकुलत्या एका मुलीचा, फोन आला. तिला तिसरा महिना लागला होता. आधी एकदा तिचं पोट पडलेलं होतं, त्यामुळे आमचा आनंदही भीत भीतच होता.

आमच्यात घरात कोणी गरोदर असेल तर घराची मोडतोड करत नाहीत. खिळा ठोकत नाहीत, भिंत फोडत नाहीत. मग अंडी असलेलं घरटं काढायचं कसं? ह्यांनी शिडी आणून लावली होती. मी ती धरून उभी राहिले आणि म्हणाले, "पोरीचे दिवस भरेपर्यंत कोणाचेंही घर मोडूं नये."

हे तोवर चार पायऱ्या चढले होते. मग खाली उतरले आणि म्हणाले, "बरें. रिकामें झालें कीं तेवढें काढूं. मी रोज पाहत जाईन."

ही आमची चूक. दुसऱ्या कोणाच्या घरी ती झाली असती असं मला वाटत नाही. रिकामं घरटं काढायला हरकत नाही, भरलेलं नाही, असा आम्ही मधला मार्ग शोधला आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश झालो. ह्यांनी ग्राफ पेपरवर घराचा नकाशा काढला, प्रत्येक घरट्याला नंबर दिला. रोज कॉफी झाली की शिडी, टॉर्च, आणि प्रत्येक घरट्यात वाकून पाहणं. अंडी असली की गोल, पिल्लं असली की त्रिकोण. पारवे बाराही महिने अंडी घालतात हे आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. पिल्लांची एक जोडी उडून जायच्या आधी आई दुसरी अंडी घालून बसायची. कागदावर गोल आणि त्रिकोण बदलत राहिले, रिकामी जागा काही दिसेना.

खोकला पाचव्या महिन्यात सुरू झाला. म्हणजे सुकन्याच्या पाचव्या. आम्ही त्या दिवसांत सगळंच तिच्या महिन्यांवर मोजत होतो. कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण, अंग मोडून यायचं. सकाळी पुन्हा माणूस बरा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी दमा म्हणून औषध दिलं. मग बेडक्याची तपासणी झाली, तीन दिवस तीन डब्या. त्यात काही निघालं नाही तरी क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी विचारलं, घरी काही नवीन? मी म्हणाले, मुलगी बाळंतपणाला येते आहे.

सातव्या महिन्यात बांगड्या भरण्याचा समारंभ झाला आणि सुकन्या आमच्याकडे राहायला आली. तिला बसायला पाट मांडला तो मुट्रममध्येच, वर पारवे घुमत होते. बायका म्हणाल्या, शुभ आहे. मलाही तसंच वाटलं.

मुलगी झाली. सुखरूप. त्या घरात ते बाळ चाळीस दिवस निजलं, त्याला शिंकसुद्धा आली नाही. मद्रासच्या बाईंनी पुढे सांगितलं की हा आजार कोणाला होईल, कोणाला नाही, ते आधी कळत नाही. बाळंतीण घरात आहे म्हणून मी तेही चाळीस दिवस घरट्यांना हात लावू दिला नाही. हे तोवर जिना चढताना कठडा धरायला लागले होते.

बाळाला पोचवायला आम्ही बंगळूरला गेलो आणि तिथे दहा दिवस ह्यांना खोकला आला नाही. रोज नातीला खांद्यावर घेऊन फिरायचे. मी म्हणाले, हवा मानवली. इथे मी तुम्हांला थांबवते. घराबाहेर गेल्यावर ज्याचा खोकला कमी होतो, त्याने हवेचं कौतुक करत बसू नये, डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगावं. आम्ही ते सांगितलं नाही.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, आता काही अडचण नाही. तोंडाला काही न बांधता, पाणी न मारता, कोरड्या केरसुणीने त्यांनी अकरा घरटी एका सकाळीत खाली काढली. मुट्रममध्ये उन्हात धूळ तरंगत होती. मी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं, कारण तिथे पापड वाळत होते. संध्याकाळी ह्यांचे ओठ निळसर झाले. रिक्षात मी त्यांचं डोकं धरून बसले होते आणि मला वाटत होतं, हे आता पोचत नाहीत.

गावच्या इस्पितळात नऊ दिवस. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजायचे, ते यंत्र तेव्हा नवीनच आलं होतं. त्याचा आकडा वर जावा म्हणून मी रामाचं नाव घेत बसायची. नऊ दिवसांत घरी पारवे परतले, घरटीही परत. तिथल्याच एका डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही मद्रासला गेलो.

तिथे एचआरसीटी झाला, म्हणजे छातीचे बारीक बारीक काप दाखवणारा फोटो. मग नळीत फुंकर मारायची तपासणी. ह्यांनी तीनदा फुंकलं आणि तिन्ही वेळा तिथली मुलगी म्हणाली, अजून जोरात. मला तिला गप्प करावंसं वाटलं. ह्यांच्याकडे होता तेवढा जोर त्यांनी लावला होता.

बाईंनी फोटोतल्या खालच्या भागावर पेन ठेवलं. इथे फायब्रोसिस आहे, म्हणाल्या. म्हणजे व्रण पडून फुप्फुस कडक झालं आहे, ते पुन्हा मऊ होत नाही. उरलेलं वाचवायला स्टेरॉइड. आणि त्या घरात पाऊल टाकायचं नाही.

पारवे मग दोन दिवसांत गेले. तीन माणसं बोलावली, तोंडाला ओले पंचे बांधून. आधी सगळं पाण्याने भिजवलं, मग खरवडलं, पोती भरभरून बाहेर काढली. मुट्रमवर कोळ्यांचं नायलॉनचं जाळं ताणून बसवलं. अंडी फुटली. मी स्वतः उभी राहून फोडून घेतली. नऊ महिने जे पाप मी टाळत होते ते अर्ध्या तासात आटोपलं. पारवे आठवडाभर लॉजच्या कठड्यावर बसून आमच्या घराकडे बघत होते, मग कुठे गेले कोण जाणे. घर स्वच्छ झालं आणि ज्यांच्यासाठी ते स्वच्छ केलं ते गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत भाड्याच्या खोल्यांत बसले होते. वाशांच्या फटींतली धूळ वर्षानुवर्षं जात नाही म्हणे.

गोळ्यांनी ह्यांचा चेहरा सुजला, साखर वाढली, श्वास मात्र वाढला नाही. दर दोन महिन्यांनी रात्रभराचा मद्रासचा प्रवास, तोच बाक, तीच फुंकर. आकडा प्रत्येक वेळी थोडा खाली. दुसऱ्या वर्षी प्राणवायूचा सिलिंडर घरी आला. तो आला की माणसाचं घरातलं फिरणं नळीच्या लांबीएवढं होतं.

सुकन्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं. ती रजेवर आली असताना तिने फाइल वाचली. आम्ही पुढे सांगितलेलं सगळं डॉक्टरीणबाईंनी लिहून ठेवलं होतं, घरटी मुलीच्या गरोदरपणामुळे काढली नाहीत, हेसुद्धा. ती फाइल मांडीवर घेऊन बसली. मला वाटलं रडेल. ती रागावली. म्हणाली, "मला कां विचारलें नाहीं अम्मा? मीच शिडीवर चढलें असतें."

तिला विचारायचं असतं हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्यासाठी आम्ही हे केलं असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत होते. खरं तर माझ्या भीतीसाठी केलं. मी हे ह्यांच्याजवळ बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी नाकातली नळी सारखी केली आणि म्हणाले, "मीही भ्यालों होतों." एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

गेल्या खेपेला बाईंनी फुंकर मारायला लावली नाही. वजन केलं, नाडी पाहिली, गोळ्या कमी केल्या. दर वेळी विचारायचे तेच ह्यांनी पुन्हा विचारलं. घरी एखादा दिवस जाऊन बसलो तर चालेल का? दोन वर्षांत प्रत्येक वेळी बाईंनी साफ नाही म्हटलं होतं, एकदा तर रागावून.

या वेळी त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना. आता काही फरक पडणार नाही."

ह्यांचा चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा झाला. परतीच्या गाडीत तंजावर येईपर्यंत ते बेत करत होते, कुठल्या खोलीत पलंग टाकायचा, सिलिंडर कुठे ठेवायचा, मुट्रममधलं जाळं काढून टाकायचं की राहू द्यायचं. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. तंजावरच्या अलीकडचं पापनाशम स्टेशन गेल्यावर मी सामान खाली काढायला उठले, कारण बसून राहिले असते तर त्यांना माझं तोंड दिसलं असतं.