चूल तिथं नव्हती

अन्याय आमच्या गल्लीतल्या मावशींवर झाला. गेल्या जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, वर्धेच्या काठच्या जुन्या टेकाडावर, चाळीस माणसांदेखत. करणारा मी.

अकोल्याहून महिन्यातून एक रविवार आम्ही पोरं सहल काढतो. लेणी, विहारांचे अवशेष, खोदकामात निघालेली जुनी गावं. गाइड मीच, कारण आवाज माझा मोठा. बाकीचे गाइड राजाराण्यांत रमतात, राबलेल्या माणसांबद्दल चकार शब्द काढत नाहीत, याची मला चीड. म्हणून माझं भाषण राबणाऱ्यांवर असतं. पंचवीस मिनिटांचं, तोंडपाठ.

मावशी त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या. साठी उलटलेली, जन्म निंदणखुरपणात गेलेला, गुडघे कामातून गेलेले. अंगावर नवी पांढरी साडी. अमरावती मागं पडेपर्यंत गप्प होत्या. तिवसा गेलं तशा सारख्या उठून खिडकीबाहेर पाहायला लागल्या. मला वाटलं, गाडी लागली. मी लिंबू नेऊन दिलं.

टेकाडावर त्यांना दोघींनी धरून चढवलं. वर लोखंडी कठड्याच्या आत एक खड्डा आणि पाटी : प्राचीन चुलीचे अवशेष. मी सुरू झालो. ही चूल मांडणारीचं नाव इतिहासानं लिहिलं नाही, वगैरे. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, “चूल इथं नोती. तिकडं होती, पायऱ्या बांधल्या तिथं.”

मी म्हणालो, प्रश्न शेवटी घेऊ. त्यांनी पुन्हा हात वर केला.

“मावशी, खोदकामवाल्या साहेबांपेक्षा तुमाले जास्त समजते का?”

लोक हसले. हसावं म्हणूनच मी तसं बोललो होतो. भाषण पुरं केलं, टाळ्याही घेतल्या.

डबे उघडले तेव्हा मावशी दिसल्या नाहीत. त्यांच्या शेजारणीनं मला बाजूला घेऊन झापलं. टेकाडाखालचं गाव मावशींचं माहेर. लग्नाआधी दोन हिवाळे त्या याच खोदकामावर मजुरीला होत्या. कुदळीचं काम गडी करायचे. नाजूक काम निंदणाऱ्या पोरींना, कारण खुरप्याचा हात हलका. माती कुठं संपली, राख कुठं लागली, हे साहेबांआधी त्यांच्या बोटांना कळायचं. ती चूल मावशींच्या खुरप्याखाली उघडी पडली होती. लग्नानंतर त्या इकडे फिरकल्या नव्हत्या. आज आल्या होत्या त्या चार माणसांत आपल्या तोंडानं ती जागा दाखवायला.

मी खाली गाडीकडे पळालो. मावशी तिथं जाऊन बसल्या होत्या. म्हटलं, चला, सगळ्यांना परत वर नेतो, तुम्ही सांगा.

“आता नाई चढवत, बापू. एकडावच जमलं.” मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तुह्यं भाषण मस्त झालं.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो टोमणा नव्हता.

तेव्हापासून मी पाच वेळा त्यांच्या घरी गेलो. चहा मिळायचा, तुरीच्या भावावर बोलणं व्हायचं. टेकाडाचं नाव काढलं की त्या उठून भांडी घासायला घ्यायच्या. महिन्याभरापूर्वी मात्र आपणहून बोलल्या. राख किती बोटं खाली होती, तिच्यात काळे पडलेले मुगाचे दाणे कसे निघाले, साहेबांनी ते कागदाच्या पुडीत कसे बांधले. मी लिहीत होतो. “आन् माह्यासंगं एक पोरगी होती, तिनंच पयले दाणा पायला,” म्हणाल्या आणि थांबल्या. नाव आठवेना. बराच वेळ जमिनीवर बोट फिरवत बसल्या.

“जाऊ दे. म्हातारपणी असंच होते.”

जाऊ कसं देऊ? तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकत नाही. पुढची सहल मी रद्द केली. दर सुट्टीला टेकाडाच्या आसपासच्या गावांत फिरतो, त्या पोरीबद्दल विचारतो. कोणी म्हणतं वरूडकडे दिली होती, कोणी म्हणतं गेली. खोदकामावरच्या पोरी आता सगळ्याच साठीपुढच्या आहेत.

तुमच्या घरात, गावात जुन्या खोदकामावर राबलेली कोणी बाई असेल तर हे वाचणं इथंच थांबवा. वही घ्या, तिच्याजवळ जाऊन बसा. खड्डा कुठं होता, काय निघालं, हे मागून विचारा. सोबत कोण कोण होतं, ते आधी लिहून घ्या.