ओस गावातले दिवे

मंगळवारी सकाळी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात माझ्या पणजोबांचे नाव सापडले. इंग्रजी अमलात गावातले रस्त्यावरचे कंदील ते लावत. प्लेग येताच सगळ्यांच्या आधी तेच पळाले, असे आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगत.

दिवाबत्तीची मोडीतली वही वाचता वाचता दप्तरखान्यातल्या बाई थांबल्या. "पळाले म्हणता? मग ही रोजची सही कोणाची हो, दादा?"

सगळे गाव तेव्हा रानात झोपड्या बांधून राहत होते. रस्त्यावर माणूस नव्हते, तरी वहीप्रमाणे कंदिलांच्या काचा रोज पुसल्या जात. रानातून पाहणाऱ्यांना आपले गाव अजून आहे, एवढे त्या उजेडावरून कळत असेल.

बाईंनी वहीतली शेवटची नोंद वाचली: "गावात कोणी नाही. सर्व दिवे लावले."